कोठीघरातला तारेचा तुकडा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — एका माणसाला सांगितलं आहे. ज्याला सांगायलाच हवं होतं, त्याला. पण त्यालाही अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं माझ्याजवळ राहिलं, आणि ते आता जड व्हायला लागलं आहे.

गेल्या आठवड्यात शेजारची मालू आली होती, लेकीच्या लग्नाचे पाट घ्यायला. पाट पाहून झाले, हात फिरवून झाला, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काकू, तुमी खंबीर होत्या म्हनून काका पुन्हा उभे राह्यले. दुसरी बाई असती त हात टेकले असते." मी हसले. काय करणार होते? चहा टाकते म्हणून आत आले आणि ओट्याला धरून उभी राहिले. असं पहिल्यांदा झालं नाही. लोक असंच म्हणतात, आणि मी असंच हसते.

नवऱ्याचं नाव मी तोंडानं घेत नाही. पण इथे 'हे' आणि 'यांनी' लिहीत बसले तर तुमचा गोंधळ होईल, म्हणून लिहिण्यापुरतं नाव घेते — देवराव.

देवराव चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत इलेक्ट्रिशियन होते. खाली, जमिनीच्या पोटात. तिथे पंप बंद पडला की पाणी चढायला लागतं, त्यामुळे बोलावणं कधीही यायचं — ताटावर बसलेले असोत की पाहुणे आलेले असोत. ते चप्पल सरकवून निघून जायचे. कॉलनीत त्यांचं नाव होतं. केबल हातात धरली की फॉल्ट कुठे आहे ते सांगतात, असं लोक म्हणायचे. मी क्वार्टरमध्ये बसून ब्लाउज शिवायची आणि वाट पाहायची. शिलाई मशीनला मोटर त्यांनीच बसवून दिली होती. घरात काही दुरुस्ती निघाली की टॉर्च धरायला मी. टॉर्च धरता धरता मीही शिकले — लाल तार म्हणजे फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थची, जमिनीत जाणारी. "लालले मी सांगतल्याशिवाय हात नाई लावाचा," एवढा एकच नियम.

रिटायर झाल्यावर आम्ही तुमसरला घर बांधलं. बाजूला गॅरेज काढलं, कारण मुलाची, प्रमोदची, गाडी होती. मग प्रमोदची बदली पुण्याला झाली, गाडी त्याच्याबरोबर गेली, आणि गॅरेजमध्ये उरली ती तेलाचे डाग पडलेली फरशी आणि एक पिवळा बल्ब.

त्यानंतर देवरावांना झटका आला. अर्धांगवायूचा, हलका. नागपूरला नेलं, वाचले. बोलणं लवकर सुधारलं. डावा हात मात्र हट्टी निघाला. कप धरला की सांडायचा. शर्टाचं बटन मी लावून द्यायची, घास कधी कधी मीच भरवायची. डॉक्टर म्हणाले, हाताला काम देत राहा. देवरावांनी ते शब्द धरून ठेवले. एक दिवस गॅरेजचं शटर वर करून आत उभे राहिले आणि म्हणाले, "अठी लाकूडकाम करतो."

लाकूडकामाची हौस जुनी होती. खाणीवर यंत्रं यायची त्या खोक्यांच्या फळ्यांतून त्यांनी क्वार्टरमध्ये एक तिपाई केली होती. पण हौसेला वेळ कधी मिळाला नव्हता. आता वेळच वेळ होता.

ते दिवस चांगले होते, हे मला आधी सांगू द्या. मी सुरुवातीपासून वैरी नव्हते. फरशीवरचे डाग आम्ही दोघांनी घासले. मागच्या भिंतीला दोन खिडक्या काढल्या, भुसा बाहेर जावा म्हणून पंखा बसवला. पत्र्याच्या फटी त्यांनी बुजवल्या, मी खालून बोट दाखवत गेले — इथे उजेड दिसतो, तिथे दिसतो. मग वायरिंग. नवा पाइप, नव्या जाड तारा, कामाच्या प्रत्येक जागेवर वेगळी ट्यूब, का तर हाताची सावली पात्यावर पडू नये. अर्थिंगसाठी कडीपत्त्याच्या झाडामागे खोल खड्डा करवून घेतला, त्यात तांब्याची पट्टी उभी केली. कोळसा आणि मीठ घमेल्यातून मी ओतलं. तारा ओढताना त्यांचा डावा हात थरथरायचा, पण ते थांबायचे, श्वास घ्यायचे आणि पुन्हा धरायचे. एके दिवशी सगळी जोडणी झाली. वरांड्यातल्या बोर्डावर त्यांनी नवं ब्रेकर बसवलं होतं — करंट थोडा जरी वाट चुकून जमिनीत गेला तर आपोआप खटकन पडणारं. "हे चौकीदार आहे," म्हणाले. बटन दाबलं. सगळ्या ट्यूब एकदम लागल्या. आम्ही दोघं लहान मुलांसारखे वर पाहत उभे होतो.

मग लाकूड चिरायचं मशीन आलं. टेबलातून अर्धं वर आलेलं गोल पातं. तो आवाज — तुम्ही ऐकला आहे का कधी जवळून? दातात जातो. पहिल्याच आठवड्यात सागाचा एक तुकडा पात्यात अडकून मागे उडाला आणि शटरवर असा आदळला की मी हातातलं पातेलं टाकून धावले. देवराव हसत होते. "मी बाजूले उभा होतो वं. पात्याच्या समोर उभंच नाई राहाचं. तेच त शिकाचं असते." ते खरंच बाजूला उभे होते. चष्मा घातला होता. फळी पुढे ढकलायला हात नव्हे, लाकडाची दांडी वापरत होते. सगळं बरोबर होतं. पण माझ्या डोळ्यांपुढून तो डावा हात हलेना.

मी म्हटलं त्यांना. एकदा नाही, पुष्कळदा. हे मशीन नको, हातकरवतीनं करा, छोटी कामं करा. ते म्हणायचे, "हात बरा होऊन राह्यला, पाह्य ना." आणि तो बरा होत होता. मला दिसत होतं. तरी मी —

बघा, अजून मी फिरतेच आहे गोल गोल. सांगते.

वरांड्यातल्या बोर्डापासून गॅरेजकडे जाणारी तार आमच्या कोठीघरातून जाते. तिथे तांदळाच्या कोठीच्या वर भिंतीत एक जंक्शन बॉक्स आहे, दोन स्क्रूचं झाकण. एका दुपारी देवराव जेवून पडले होते. मी मेन स्विच बंद केला, स्टूल घेतलं, झाकण उघडलं, आणि काळ्या आणि हिरव्या तारेच्या जोडांमध्ये तारेचा एक बोटभर तुकडा अडकवून दिला. झाकण लावलं. स्विच चालू केला. हात धुतले.

बस्स. एवढंच केलं. यापेक्षा मोठा काही गुन्हा तुम्ही मनात धरला होता का? मीही स्वतःला हेच सांगितलं — एवढंसं तर आहे.

उठल्यावर त्यांनी मशीन चालू केलं आणि चौकीदार पडला. वर केला, पुन्हा पडला. ते करंट तपासायचा मीटर शोधायला आतल्या खोलीत गेले, तेवढ्यात मी तुकडा काढून घेतला. त्यांनी सगळ्या तारा तपासल्या — काही नाही. मशीन चालवलं — चाललं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तुकडा अडकवला.

माझं ठरलेलं काही नव्हतं. वाटलं, दोन-चार दिवस कंटाळतील आणि सोडून देतील. पण ज्या माणसानं जन्मभर फॉल्टच शोधले, तो कंटाळेल कसा? त्यांनी पाइपांची झाकणं उघडली. सगळे बोर्ड खोलून पुन्हा जोडले. अर्थिंगचा खड्डा उकरला. कोठीघरातला जंक्शन बॉक्ससुद्धा उघडून पाहिला — मी तासाभरापूर्वीच तुकडा काढून पदराच्या टोकाला बांधला होता. स्टुलावर ते उभे, खाली टॉर्च धरून मी. वरून म्हणाले, "अठी त सगळं साफ आहे." मी म्हटलं, "हो."

हा 'हो' मला अजून ऐकू येतो.

दोष सतत असला तर सापडतो. कधी असतो, कधी नसतो — तो माणसाला खातो. शेवटी त्यांनी गजानन वायरमनला बोलावलं. ज्यांना अख्ख्या खाणीतून बोलावणं यायचं, त्यांनी फोन करून दुसऱ्याला बोलावलं. गजानन भला माणूस. अर्धा दिवस तपासत होता. त्या दिवशी तुकडा अर्थातच जागेवर नव्हता. निघताना तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका, काईच नाई हो अठी. वायरिंग एक नंबर आहे. तुमचंच काई... म्हंजे बिमारीनंतर होते असं कधी कधी. आराम करा." देवराव म्हणाले, "हो, तसंच असंन." आणि त्याच्या स्कूटरपर्यंत त्याला पोचवायला गेले. मी दारात होते. मला तेव्हा बोलता आलं असतं. गजानन अजून किक मारत होता.

त्या संध्याकाळी देवरावांनी शटर खाली ओढलं. मला वाटलं, सुटले.

मग काय झालं माहीत आहे? मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. ते दिवसभर घरात. माझ्यासमोर, खुर्चीत. टीव्ही चालू. आणि ते हळूहळू विझायला लागले. गॅस बंद केला का, म्हणून उठून पाहायचे, बसायचे, पुन्हा उठायचे. "मीनं दार लावलं का वं?" — लावलेलं असायचं. स्वतःच्या स्कूटरची किल्ली खुंटीवरून काढून कपाटात ठेवून दिली. स्वयंपाकघरातली ट्यूब फडफडायला लागली तर वर पाहिलं आणि म्हणाले, "गजाननले सांगजो." जी ट्यूब त्यांनी डोळे मिटून बदलली असती, ती! डावा हात पुन्हा पोटाशी आखडून घ्यायला लागले.

मी तो तुकडा कायमचा काढला. परसातल्या कचऱ्यात फेकून दिला. म्हटलं, "अजी, एकदा लावून त पाहा. आता नाई पडणार." ते म्हणाले, "मशीनचं नाई वं. मले आता माह्या डोक्याचा भरवसा नाई." मी पुन्हा दोन दिवसांनी म्हटलं, पुन्हा म्हटलं. लाडीगोडी लावली, रागावले. शटर वर गेलं नाही. तार मी दुरुस्त केली होती. बाकीचं दुरुस्त करायला तेवढं पुरत नव्हतं, आणि हे कळूनही मी तोंड उघडलं नाही. घाबरत होते. ते काय म्हणतील याला नाही फक्त — मी कोण आहे हे त्यांना कळेल, याला.

धान कापून झाले होते, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा बाजारात आल्या होत्या, त्या सुमाराची गोष्ट. मी वरांड्यात शेंगा सोलत बसले होते. कारधा गावचा एक फर्निचरवाला मशीन बघायला आला. देवरावांनीच बोलावला होता. मला आदल्या दिवशी फक्त एवढं सांगितलं की पसारा कमी करून टाकू. शटर वर गेलं. आत सगळं जसंच्या तसं, फक्त धूळ. फर्निचरवाला म्हणाला, "चालू करून दाखवा ना, भाऊ." देवराव दोन पावलं मागे सरले. "मी नाई लावत. तुमीच लावा."

त्यानं बटन दाबलं. मशीन सुरू झालं. चाललं, चालत राहिलं. त्यानं एक फळी घेतली आणि सरळ चिरली. चौकीदार पडला नाही. देवराव ते पाहत होते. मग माझ्याकडे वळले — अगदी शांत चेहऱ्यानं, मला समजावल्यासारखं — "पाह्यलं ना? मशीनमदी काईच नाई. माह्या हातातच दोष आहे."

शेंगांची टोपली माझ्या मांडीवरून कधी पडली मला कळलं नाही. मी गॅरेजमध्ये शिरले आणि त्या माणसाला म्हटलं, "दादा, माफ करा, हे मशीन विकाचं नाई. चहा घेऊन जा पाहिजे तर, पण मशीन नाई." तो बिचारा एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत निघून गेला.

"काहून वं?" देवराव म्हणाले. "काहून परत पाठवलं त्याले?"

"तुमच्या हातात दोष नाई. मीनं केलं ते."

"काय केलं?"

"खटका मी पाडत होती. कोठीघरातून. काळी आन हिरवी जोडून देत होती. तुमी पाहाले आले का काढून घेत होती. गजानन आला तवा बी."

मला वाटलं ओरडतील. कॉलनीत एकदा त्यांना ओरडताना ऐकलं होतं, दुरुस्ती चालू असताना स्विचवरचं सुरक्षेचं कुलूप काढून ठेवणाऱ्या माणसावर. पण त्यांनी जे विचारलं त्याची मी कधी कल्पनाही केली नव्हती.

"कोनता बॉक्स?"

मी दाखवला. स्टूल त्यांनी स्वतः ओढलं. मेन बंद केला, झाकण उघडलं, बराच वेळ आत पाहिलं. मग खाली उतरले, ड्रॉवरमधून तारेचा एक तुकडा आणून माझ्या हातात दिला. "लाव. जसा लावत होती तसा."

मी स्टुलावर चढले. तुकडा दोनदा माझ्या हातून खाली पडला. त्यांनी दोन्ही वेळा उचलून दिला. लावला. त्यांनी मेन चालू केला, गॅरेजमध्ये गेले, बटन दाबलं — खट्. काढायला लावला. बटन दाबलं — चाललं. पुन्हा लाव. खट्. पुन्हा काढ. चाललं. मी कोठीघरात स्टुलावर आणि ते भिंतीच्या पलीकडे, आणि पलीकडून हसू ऐकू आलं. आधी बारीक, मग मोठं. झटका आल्यापासून असं हसले नव्हते. "अरे, फॉल्ट होता!" ते एकटेच म्हणत होते. "होता ना फॉल्ट! मले दिसत होता ना!"

मी धावत गेले. मला वाटलं, संपलं, माफ झालं. ते टेबलावर दोन्ही तळहात टेकून उभे होते आणि आता हसत नव्हते.

"खाणीत मले एक फॉल्ट नाई चुकला," ते म्हणाले. "तू खाली टॉर्च धरून उभी होती ना वं. मी वर तार पाहत होतो."

त्यानंतर पुष्कळ दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. जेवण झालं, औषध घेतलं, प्रमोदचा फोन आला होता. जंक्शन बॉक्सच्या झाकणाला दोनच्या जागी चार स्क्रू लावले, तेही माझ्याच समोर. पण शटर रोज सकाळी वर जात होतं. स्वयंपाकघरातली ट्यूब त्यांनी बदलली. गजाननला बोलावून चहा पाजला आणि फॉल्ट सापडला एवढंच सांगितलं. कोठे, कसा, ते सांगितलं नाही. माझं नाव त्यांनी कुठेही घेतलं नाही. प्रमोदजवळसुद्धा नाही.

आणि मग एक दिवस लांब फळी चिरायची होती. त्यांनी दारातून हाक मारली, "शकू, धर जरा." मी पलीकडचं टोक धरलं. तेव्हापासून धरते आहे. पात्यासमोर उभं राहायचं नाही, फळी ओढायची नाही, फक्त तोलायची — मलाही आता येतं. पाट झाले, देव्हारे झाले, मालूच्या सासूला म्हणून धरून उठायची खुर्ची झाली. डाव्या हातानं ते आता फळी दाबून धरतात, आणि हात मुकाट्यानं ऐकतो. मशीन सुरू झालं की माझी नजर अजून आधी त्या हाताकडे जाते. जाऊ दे.

कबुली दिली त्याच दिवशी, मागाहून, मी त्यांना कारणही सांगितलं होतं — भीती. हात पात्यात जाईल याची भीती. त्यांनी ते मानलं. खरंच होतं ते. पण तेवढंच नव्हतं, आणि तेच मी दाबून ठेवलं.

आजारपणातले ते महिने — मला आवडले होते.

लिहिलं एकदाचं. ते अंथरुणावर होते, त्यांना बटन लावता येत नव्हतं, आणि मी सुखात होते. सगळा संसार त्यांच्या पाठीकडे पाहण्यात गेला होता. पहिल्यांदा ते कुठेही जाऊ शकत नव्हते. मी घास भरवायची आणि ते माझ्याकडे पाहत खायचे. मग एका सकाळी बाहेर आले तर शर्टाची बटनं लावलेली. स्वतः. किती आनंदानं दाखवलं मला! मी "वा" म्हटलं आणि आत जाऊन पोळी करपवली. ते गॅरेजमध्ये निघून गेले, आणि मला वाटलं — गेले पुन्हा खाणीत. तो उडालेला तुकडा, तो आवाज — ती भीती खोटी नव्हती, पण मला ती सोयीची होती. हात कापला जाईल म्हणून मी तार जोडली, हे अर्धं. हात बरा होतोय म्हणून जोडली, हे उरलेलं. यावर मी काय पांघरूण घालू? घालायचं नाही.

इथवर लिहिलं आणि वाटलं, हे तुम्हाला आधी सांगून त्यांना न सांगणं म्हणजे पुन्हा तेच झालं. मी उठले.

आता परत येऊन बसले आहे.

गॅरेजमध्ये गेले तेव्हा मशीन चालू होतं. खरं सांगते — मी त्या आवाजातच बोलून टाकलं. त्यांना ऐकू जाणार नाही हे माहीत होतं, तरी. त्यांनी माझे ओठ हलताना पाहिले, मशीन बंद केलं, पातं थांबेपर्यंत थांबले आणि चष्मा वर करून म्हणाले, "काय म्हनली?"

मग पुन्हा सगळं बोलावं लागलं, शांततेत. "तुमी बिमार होते ते दिवस मले आवडले होते. तुमी बरे होऊन राह्यले याचाच मले राग आला होता. फकत भेव नव्हतं ते."

ते अंगावरचा भुसा झटकत राहिले, आधी बाहीवरचा, मग दुसऱ्या बाहीवरचा. मी मान खाली घालून उभी होते. मग म्हणाले, "तवा तू सैपाक करताना गाणं म्हनत होती. मी पडल्या पडल्या आयकत होतो. चिखल्याले कवा आयकलं नव्हतं." चष्मा काढून पुसत, "मले वाटे, मले बरं वाटावं म्हनून म्हनते."

"नाई," मी म्हटलं. "माह्या मनानंच."

माफ केलं असंही म्हणाले नाहीत, नाही असंही नाही. मीही विचारलं नाही. अर्धवट चिरलेली फळी त्यांनी मशीनवरून उचलली, शिकंज्यात आवळली आणि खिडकीजवळच्या फळीवरचा हातरंधा काढला. शटरजवळचं स्टूल पायानं माझ्याकडे सरकवलं. मी बसले. डावा हात पुढे, उजवा मागे, असा त्यांनी रंधा सागावरून ओढायला सुरुवात केली. लांब, पातळ साल निघून जमिनीवर गुंडाळत गेली. त्याचा आवाज इतका हळू असतो की शेजारी बसलेल्या माणसाशी बोलता येतं.

दोन-चार साली निघाल्यावर ते म्हणाले, "भाजी कायची केली?"